लाट सहा दिवसांनी येईल

अंदमानला जातो म्हटलं की मराठी घरात ‘कशाला?’ असं कोणी विचारत नाही. विमानतळाला वीर सावरकरांचं नाव, उतरलं की सेल्युलर जेल, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी हॅवलॉक. सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या प्रत्येकाला हा क्रम पाठ असतो. त्यामुळे पुण्यातल्या एका बँकेत कर्जविभाग सांभाळणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांनी रात्री जेवताना ‘या वर्षी अंदमान’ अशी घोषणा केली, तेव्हा आईंनी तिथल्या तिथे हात जोडले. अडचण पुढच्या वाक्यात आली. सेल्युलर जेलपासून आणखी सुमारे १२० किलोमीटर दक्षिणेला लिटल अंदमान नावाचं बेट आहे, तिथे जायचं आणि समुद्रात फळीवर उभं राहायचं.

“फळीवर उभं राहून काय करायचं?” आईंनी विचारलं.

“काही करायचं नाही. लाट आपोआप किनाऱ्यावर आणून सोडते.”

“अरे, पण किनाऱ्यावर तू होतासच ना?”

या प्रश्नाला सर्फिंगच्या इतिहासात आजवर समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. गृहस्थांनी मग मराठी माणसाचा हमखास उपाय केला, थोरामोठ्यांचे दाखले काढले. मार्क ट्वेनने १८६६ साली हवाई बेटांवर हा उद्योग करून पाहिला होता. त्याच्या स्वतःच्या हकिगतीनुसार फळी ठरल्याप्रमाणे किनाऱ्याला पोहोचली आणि तो तळाला. जॅक लंडनने १९०७ मध्ये होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर मात्र जिद्दीने लाट साधली. चार तास उन्हात काढल्याने अंग असं भाजून निघालं की पुढचं लिखाण त्याला अंथरुणात पडून करावं लागलं. आणि १९२२ साली नवऱ्याबरोबर जगप्रवासाला निघालेल्या आगाथा ख्रिस्तीने आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग वायकीकीला फळी हाती घेतली. प्रवाळांनी पाय कापले, रेशमी पोहण्याचा पोशाख लाटांनी फाडला. तिने चामड्याचे मऊ बूट आणि लोकरीचा हिरवा पोशाख विकत घेतला आणि पुन्हा पाण्यात गेली.

आगाथा ख्रिस्तीचं नाव कामी आलं. आईंनी तिच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद वाचनालयातून आणून वाचले होते आणि इतकं डोकं असलेली बाई उगाच पाण्यात जाणार नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. “पण ती खून कसे करायचे ते बघायला गेली असेल,” असंही त्या म्हणाल्या.

बायकोचा प्रश्न निराळा होता. “अहो, तुम्हाला पोहता येतं का?” टिळक तलावावर उन्हाळी शिबिरात शिकलेलं पोहणं पोहण्यात धरायचं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. इथे हसणं थोडं बाजूला ठेवायला हवं. भरवशाचं पोहता येत नसेल तर सर्फिंगचा विचारच करू नये. पायाला बांधलेली दोरी तुटली आणि बोर्ड हातचा गेला, तर उरतं ते फक्त आपलं पोहणं. गृहस्थांना ते पटलं. रोज सकाळी तलावावर जाऊन ते न थांबता लांबी मारू लागले, आणि एका मोसमानंतर जीवरक्षकाने त्यांच्याकडे काळजीने बघणं बंद केलं. या अख्ख्या बेतातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच होती, आणि तक्त्यात ती कुठेच नव्हती.

तक्ता म्हणजे अर्थातच एक्सेल. पुणेरी सहलीचा तो कणा. गृहस्थांच्या तक्त्यात विमान, जहाज, मुक्काम, नाश्ता, औषधं, पर्यायी नाश्ता असे रकाने होते, आणि एका रकान्याचं नाव होतं ‘लाट’. त्यात काय भरायचं हे शोधताना त्यांना जे कळलं, त्याने बाकी सगळ्या रकान्यांची पंचाईत करून टाकली.

लिटल अंदमानला येणाऱ्या मोठ्या लाटा तिथे जन्मतच नाहीत. हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला, ४० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात, वाटेत फारशी जमीन नसल्यामुळे वारे पृथ्वीभोवती मोकाट घोंघावत असतात. तिथल्या वादळांनी पाणी घुसळलं की त्याचे तरंग उत्तरेकडे निघतात. दोन माथ्यांमधलं अंतर पंधरा सेकंदांचं असेल, तर खोल समुद्रात प्रत्येक माथा ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. पण लाटांचा सबंध जथा त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरने पुढे सरकतो. पुढचे माथे विरत जातात, मागून नवे उगवतात. या हिशोबाने सहा हजार किलोमीटर कापून लिटल अंदमानला पोहोचायला त्या जथ्याला सुमारे सहा दिवस लागतात.

हे कोणा उत्साही माणसाचं अनुमान नाही. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने हॅराल्ड स्वेरड्रुप यांच्यासोबत दुसऱ्या महायुद्धात लाटांचा अंदाज बांधण्याची पद्धत घडवली. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवताना ती वापरली गेली. पुढे १९६३ मध्ये मंकने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठाणी मांडली आणि दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा अख्खा प्रशांत महासागर ओलांडून उत्तरेला पोहोचतात, हे मोजून दाखवलं. एक ठाणं तर सामोआत होतं, तिथे मंक स्वतः बायको-मुलींसह जाऊन राहिला. संशोधनाच्या खर्चात कुटुंबासह बेटावर मुक्काम! गृहस्थांना या माणसाबद्दल आदर वाटला तो नेमका विज्ञानासाठी की या व्यवस्थेसाठी, हे सांगणं कठीण आहे.

तर ‘लाट’ या रकान्यात तारीख भरता येत नाही. फार तर मोसम भरता येतो. दक्षिणेतली वादळं मार्चपासून पुढे जोर धरतात आणि मेच्या उत्तरार्धात अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस दाखल होतो, तेव्हा समुद्र खवळतो आणि जहाजांचाही भरवसा राहत नाही. मधले मार्च-एप्रिल-मे चांगले. बँकेतल्या माणसासाठी यातला मार्च जन्मतःच बाद. एप्रिलचा पहिला आठवडा मार्चची उस्तवार करण्यात जातो. मेमध्ये मेहुणीकडचं लग्न. असं करत करत निसर्गाने तीन महिने दिलेला मोसम गृहस्थांच्या हाती आला तेव्हा दीड आठवड्याचा झाला होता.

हेच बेट का, असं त्यांना मित्रांनी विचारलं. बालीला सर्फिंग शिकणाऱ्यांची जत्रा असते, मालदीवचे दर ऐकून गृहकर्ज आठवतं, आणि लिटल अंदमानला पारपत्र लागत नाही, हे सांगण्याजोगं कारण. खरं कारण असं की त्यांनी एक छायाचित्र पाहिलं होतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅलहन हा अमेरिकन छायाचित्रकार काही सर्फरना घेऊन बोटीने अंदमानात आला आणि इथल्या लाटा जगभरच्या सर्फिंगवेड्यांना कळल्या. लिटल अंदमानच्या कुमारी पॉइंटचं नाव तेव्हापासून या मंडळींत दबक्या आवाजात घेतलं जातं. पाणी निळं, माणूस एक, लाट त्याच्या दुप्पट. गृहस्थांनी ते चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि त्या माणसाच्या जागी स्वतःला कल्पून पाहिलं. इथे त्यांना कोणीतरी अडवायला हवं होतं. कुमारी पॉइंटची लाट प्रवाळाच्या थरावर फुटते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट कोसळते, म्हणजे जिथे ती कोसळते तिथे पडणाऱ्याच्या खाली फारसं पाणी नसतंच. असतो तो ब्लेडच्या धारेचा दगड. नवख्याने तिथे जाऊ नये. लांबून फोटो काढावा आणि परत यावं.

नवख्यासाठी बेटावर बटलर बे आहे. हट बे या मुख्य गावाच्या धक्क्यापासून सुमारे १४ किलोमीटर उत्तरेला, पूर्वेकडे तोंड केलेला लांबलचक वाळूचा किनारा. दक्षिणेकडून आलेली लाट बेटाला वळसा घालून इथे पोहोचते तोवर तिची निम्मी मस्ती उतरलेली असते. शिवाय नैऋत्येचा वारा इथे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. खाली वाळू. पडलं तर नाकातोंडात जाते, पण टाके पडत नाहीत.

बेटाविषयी आणखी काही गोष्टी तक्त्यात शिरायला हव्या होत्या. बेटाचा बराच मोठा भाग ओंगे आदिवासींसाठी राखीव आहे आणि १९५६च्या नियमावलीनुसार तिथे परवानगीवाचून पाऊल टाकणं गुन्हा ठरतो. ओंगे आज जेमतेम शंभर-सव्वाशे उरले आहेत. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामीने हट बे उद्ध्वस्त केलं, तेव्हा समुद्र विचित्रपणे मागे सरताना पाहून ओंगे उंच जागी निघून गेले आणि वाचले. त्यांच्या हद्दीलगत एखादी झकास लाट फुटत असेलही. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. त्यावर ‘पण कोणाला कळणार आहे?’ हा खास आपल्याकडचा युक्तिवाद चालवू नये.

दुसरी गोष्ट मगर. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० साली हॅवलॉकला एका पर्यटक तरुणीचा जीव त्यात गेला. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नये, अंधुक उजेडात उतरू नये, वनखात्याची पाटी असेल तिथे फोटोपुरतंही उतरू नये. ही माहिती गृहस्थांनी घरी सांगितली नाही. तक्त्यात ‘म.’ एवढंच लिहून ठेवलं. बायकोने ‘म.’ म्हणजे काय विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मलम.”

पोहोचण्याचा भाग सोपा वाटला होता. पुण्याहून विमानं बदलत पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव सप्टेंबर २०२४मध्ये श्रीविजयपुरम झालं. पुढे सरकारी जहाजाने सहा ते आठ तास, हट बे. पण जहाज कधी सुटणार हे हवामान आणि खुद्द जहाजाची प्रकृती ठरवते, आणि वेळापत्रक तारखेच्या थोडंच आधी हाती लागतं. बेटावरची माणसं दवाखान्याला, बाजाराला, कोर्टकचेरीला याच जहाजाने ये-जा करतात; त्यांचा हक्क पहिला, हे बरोबरच आहे. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत, असा जाणत्यांचा सल्ला. मोकळे दिवस! ज्या माणसाने महाबळेश्वरच्या सहलीत ‘४.१० ते ४.२५ : निसर्गसौंदर्य’ असं लिहिलेलं आहे, त्याला दोन दिवस कोरे ठेवताना काय वाटलं असेल? त्यांनी त्या दोन चौकटींना फिकट पिवळा रंग दिला आणि वर ‘राखीव निधी’ असं लिहिलं. मग झोप लागली.

बोर्डाचं प्रकरण वेगळंच. शिकणाऱ्यासाठी मऊ फोमचा, नऊ फुटांचा बोर्ड योग्य. जितका मोठा, तितका तरंगता आणि माफ करणारा. गृहस्थांना सहा फुटी, टोकदार, सुबक बोर्ड आवडला होता. तो आवडणं आणि त्यावर उभं राहणं यांच्यात काही वर्षांचं अंतर असतं, हे विक्रेत्याने फोनवर सभ्य भाषेत समजावलं. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर. आपली नेहमीची तीनचाकी रिक्षा २.६ मीटरच्या आसपास भरते. म्हणजे बोर्ड घरी न्यायचा तर तो रिक्षात न घालता रिक्षाच बोर्डात घालणं सोयीचं. विमान कंपन्यांचे सामानाच्या लांबीचे नियम वाचून झाल्यावर त्यांनी बोर्ड बेटावरच भाड्याने घ्यायचं ठरवलं, आणि तोही आधी फोन करून पक्का करायचा, कारण हट बेला खेळाच्या सामानाची दुकानं रांगेने मांडलेली नाहीत. पुण्याहून न्यायचं ते पूर्ण बाह्यांचं अंगाला चिकटणारं बनियन, जस्ताचा पांढरा लेप, उष्ण पाण्यात न वितळणारं वॅक्स, ओआरएस, उलटीच्या गोळ्या, वाळूतल्या चावऱ्या माश्यांसाठी तेल, आणि आईंनी दिलेला मेथीच्या लाडवांचा डबा, जो वजनात बाकी सगळ्यांच्या बेरजेइतका भरला.

पाय आणि बोर्ड यांना जोडणारी दोरी, म्हणजे लीश, हा तसा अलीकडचा शोध. वेटसूट बनवणाऱ्या जॅक ओनीलचा मुलगा पॅट १९७१ साली रबरी नळीने बोर्ड स्वतःला बांधून स्पर्धेत उतरला, तेव्हा लोक हसले. त्याच वर्षी ताणलेली दोरी उसळली, बोर्ड परत येऊन आदळला आणि खुद्द जॅकचा डावा डोळा गेला. तेव्हापासून डोळ्यावर पट्टी लावलेला त्याचा दाढीवाला चेहराच कंपनीची ओळख बनला. पुढे दोऱ्या सुधारल्या. आता तिच्यावाचून पाण्यात उतरणारा नवखा स्वतःला आणि शेजाऱ्याला धोका असतो. आईंनी ही हकिगत ऐकून निष्कर्ष काढला : “बांधली तर डोळा, नाही बांधली तर बोर्ड. तुम्ही पुरुष पैसे देऊन हे करता?”

घरात सरावही सुरू झाला. पोटावर पालथं पडायचं, छातीजवळ तळवे टेकवायचे आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायचं. सूर्यनमस्काराची सवय असलेल्याला यातलं भुजंगासन ओळखीचं वाटतं, पुढची उडी मात्र कोणत्याही ऋषीने सांगितलेली नाही. डावा पाय पुढे की उजवा, हे ठरवण्याची जगन्मान्य रीत अशी की बेसावध उभं असताना कोणीतरी मागून ढकलायचं. जो पाय आपसूक पुढे पडेल तो आपला. हे काम बायकोने आनंदाने अंगावर घेतलं आणि निकाल लागल्यानंतरही बरेच दिवस ती खात्री करून घेत राहिली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीत तक्रार नोंदवली : ‘वर सकाळी सहा वाजता काहीतरी जड वस्तू पडते.’

जड वस्तूला या शब्दप्रयोगाचं वाईट वाटलं, पण त्याहून मोठा धक्का वेळेच्या हिशोबाने दिला. स्पर्धेत उतरणाऱ्या कसलेल्या सर्फरचा अभ्यास झाला आहे. त्यांचा जवळजवळ निम्मा वेळ पालथं पडून हातांनी पाणी कापण्यात जातो, चाळीसेक टक्के वाट बघत बसण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर उभं राहणं चारेक टक्के. तासाला अडीच मिनिटं, तीही कसलेल्यांची. कर्जविभागातल्या माणसाने अर्थातच सहलीचा एकूण खर्च भागिले लाटेवरची अपेक्षित सेकंदं असा भागाकार मांडला. उत्तर त्यांनी बायकोला दाखवलं नाही. चौकटीतली अक्षरं पांढरी करून टाकली.

त्यापेक्षा त्यांना नियम आवडले. लाट जिथे फुटायला लागते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. बाकीच्यांनी हात आवरायचा. एका लाटेवर एक माणूस. आत जाताना वळसा घालून जायचं, कोणाच्या वाटेत यायचं नाही, चूक झाली तर माफी मागायची. पुण्याच्या चौकांत आयुष्य काढलेल्याला ही भानगड परग्रहावरची वाटणं साहजिक आहे. दुपारची विश्रांतीही त्यांना फार पटली. दिवस तापला की वारा समुद्राकडून जमिनीवर येऊ लागतो आणि लाटा विस्कटतात, म्हणून सर्फिंगचे तास सकाळचे. अंदमानात घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य बराच आधी उगवतो, एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास लख्ख. अकराला पाण्याबाहेर, जेवण, एक ते चार झोप. या झोपेला समुद्रशास्त्राचा आधार आहे, हे त्यांनी सासुरवाडीच्या मंडळींना मुद्दाम कळवलं.

पण पहिली लाट थेट लिटल अंदमानलाच घेण्याचा हट्ट मात्र शिकवणाऱ्यानेच मोडून काढला. जवळच शिका, मग लांब जा. जवळ जागा आहेतच. कर्नाटकात मुल्कीला ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून ओळखले जाणारे जॅक हेबनर यांनी २००४ साली मंत्र सर्फ क्लब सुरू केला, तिथून या खेळाने देशात मूळ धरलं. चेन्नईजवळच्या कोवलमला मूर्ती मेगवन या कोळ्याने आधी स्वतः लाटा साधल्या आणि मग गावातल्या पोरांना शिकवल्या. महाबलीपुरमला तर ऑगस्ट २०२५मध्ये आशियाई स्पर्धा भरली आणि रमेश बुदिहालने भारताला कांस्यपदक मिळवून दिलं. पुणेकराला सोयीचा पडतो तो उत्तर गोवा, मोरजी-अश्वे-मांद्र्याचा किनारा; पावसाळा सरल्यावर तिथे कमरेइतक्या, सोज्वळ लाटा असतात. गृहस्थ तिथे एका शनिवार-रविवारला जाऊन आले, बरंचसं पाणी प्यायले आणि अखेर उभे राहिले. किनाऱ्यावरून बायकोने त्याचं चित्रण केलं आहे. त्यात ते दिसतात, पण उभे राहण्याच्या नेमक्या क्षणी मधून एक शहाळेवाला गेला.

त्यानंतर तक्ता बदलला. ‘लाट’ रकान्यातून तारीख गेली आणि त्या जागी फोनवरच्या नकाशाची सवय आली. हिंदी महासागराच्या तळाशी जांभळा डाग दिसला की वादळ. मग उंची, दोन लाटांमधली सेकंदं आणि दिशा. मे महिन्याच्या सुरुवातीला, ऐन शाखेच्या बैठकीत, तो जांभळा डाग उगवला. पंधरा सेकंद, नैऋत्य. मेहुणीकडचं लग्न पुढे गेलेलं, बोर्डवाल्याने होकार दिलेला. गृहस्थांनी तिथल्या तिथे रजेचा अर्ज केला आणि खरं बोलायच्या सवयीने ‘कारण’ या ओळीत लिहिलं : ‘दक्षिण हिंदी महासागरात वादळ’.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “तिकडे आपली शाखा आहे?”

“नाही, सर. लाट निघाली आहे. लिटल अंदमानला पोहोचायला सहा दिवस घेईल.”

“सहा?” साहेबांनी कॅलेंडर बघितलं, पेनचं टोपण काढलं आणि सही करता करता म्हणाले, “मग चार दिवसांत ऑडिटचं उरकून टाका.”